मराठी ब्लॉग लोकांनी वाचावा म्हणून सोलापुरात बसून दीड वर्ष काय काय केलं

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघींनी एकच प्रश्न विचारला, की मी एवढं लिहिते पण कुणी वाचतच नाही, तू काय केलंस. दोघींना फोनवर तासभर सांगितलं आणि मग वाटलं, लिहूनच ठेवावं. मी कॉम्प्युटरवाली नाही, एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे मला जे अडलं ते तुम्हालाही अडेल.

सुरुवात जून २०२३ ची. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आधी बदली कामगार आणि मग त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, कायम. मिल बंद पडल्यावर त्यांनी वह्या भरून लिहिलं, भोंगा, पाळ्या, चाळ, पगाराचा दिवस, संप, सगळं. त्यातले चौदा लेख त्यांनी हयात असतानाच नव्या पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले होते, पुस्तक काढायचं म्हणून. पुस्तक झालं नाही. सीडी माझ्याकडे राहिली. ते लेख लोकांनी वाचावेत एवढ्यासाठी मी ब्लॉगरवर फुकटातलं खातं उघडलं, आणि जोडीला मला येतं ते, म्हणजे सोलापूरचं खाणं, सणवार, गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा), असं आपलं आपलं लिहायला लागले.

सीडीतला मजकूर कॉपी करून टाकला तर सगळी अक्षरं गचाळ दिसायला लागली, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. तेव्हा मला कळलंच नाही का ते. म्हणून मी सोपा उपाय केला, प्रिंट काढली, मोबाईलवर फोटो काढले आणि फोटो टाकले. चौदाही लेख फोटोच्या रूपात. ही चूक मला पुढे सहा महिने भोवली.

ऑक्टोबरपर्यंत सव्वीस लेख झाले. ब्लॉगरच्या आकड्यांमध्ये एकेका लेखाला तीस-चाळीस वाचक दिसायचे. त्यातले निम्मे घरचे आणि उरलेली मीच, कारण आपण स्वतः उघडून बघितलेलंही त्यात मोजलं जातं. त्याच आकड्यांच्या पानावर स्वतःच्या भेटी मोजू नका असा पर्याय आहे, तो पहिल्या दिवशीच लावा. एकदा रात्रीतून दोनशे वाचक आले, सगळे सिंगापूरचे. मी सकाळी आईला उठवून सांगितलं. ती माणसं नव्हती, मशिनी होत्या, पण ते कळायला अजून वेळ होता.

नोव्हेंबरात एकाने फोनवर गाठलं. एका महिन्यात गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो म्हणाला, साडेसहा हजार रुपये, आगाऊ. मी भरले. दिवाळीचा बोनस नुकताच आला होता आणि बाबांचं काम आहे, पैसे कुठं बघायचे असं मनात होतं. डिसेंबरात आकडा नऊ हजारावर गेला. नऊ हजार वाचक आणि एकाचाही शब्द नाही, एक मेल नाही, चूक दाखवणारा सुद्धा कुणी नाही. मी त्याला विचारलं की ही माणसं कोण आहेत, तर म्हणाला मॅडम ट्रॅफिक ट्रॅफिक असतं. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. मला पैशांपेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की त्या महिनाभर मी खरंच समजत होते की बाबांना कुणीतरी वाचतंय. गूगलमध्ये पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, गूगल स्वतः तसं लिहून सांगतं. एवढं एक वाक्य मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

जानेवारी २०२४, संक्रांतीला भाचा पुण्याहून आला, दादाचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. हुतात्मा एक्सप्रेसने रात्री उतरला आणि जेवण झाल्यावर मी त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. तो म्हणाला, "आत्या, आधी बघू तरी गूगलला तू माहीत आहेस का." मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. मला वाटायचं नेटवर टाकलं म्हणजे गूगलमध्ये आलंच. तसं नसतं. त्याने गूगल सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली पानं गूगलमध्ये आहेत का आणि कशी दिसतात ते दाखवणारी गूगलचीच सोय, ते फुकट आहे, आपल्या जीमेलनेच चालतं, आणि ब्लॉगर गूगलचंच असल्याने साइट आपली आहे हे सिद्ध करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग साइटमॅप दिला, म्हणजे आपल्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन साइटमॅप डॉट एक्सएमएल, ही यादी ब्लॉगर आपोआप बनवतो, आपण फक्त गूगलला सांगायचं की ती इथं आहे.

आकडे यायला तीन दिवस लागले. सव्वीसपैकी चार पानं गूगलकडे नोंदलेली होती. चार! बाकीच्यांपुढे लिहिलं होतं, क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड, म्हणजे गूगलने येऊन बघितलं पण ठेवून घेतलं नाही. बाबांचे चौदाच्या चौदा त्यात. भाच्याने एक पान उघडलं आणि मला दाखवलं, "यात मजकूर कुठंय आत्या? तीन फोटो आहेत नुसते." सगळ्या फायलींना व्हॉट्सॅपने दिलेलं तारखेचं लांबलचक नाव. गूगलच्या बाजूने बघितलं तर ते पान जवळपास रिकामं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा महिने मी बाबांना कुलूपबंद ठेवलं होतं असं वाटत राहिलं.

आता त्या गचाळ अक्षरांचं. पूर्वी डीटीपीला जे मराठी फॉन्ट वापरायचे त्यात मराठी अक्षर हे नुसतं दिसायला मराठी असतं, आतून ते इंग्रजी कीचंच असतं. तो फॉन्ट तुमच्या मशिनवर नसेल तर आतलं इंग्रजी बाहेर येतं. नेटवर चालतं ते युनिकोड, त्यात क हा खरोखर क असतो, म्हणूनच तो शोधता येतो. जुनं युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मी दोन वापरून बघितले, पण रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते. "मिर्ची"चं काय झालं ते लिहून दाखवताही येणार नाही. चार लेख मी कन्व्हर्टरने करून हाताने दुरुस्त केले आणि त्यात इतका वेळ गेला की उरलेले दहा लेख एका मुलीकडून नव्याने टाइप करून घेतले, पानाला तीस रुपये, ब्याऐंशी पानं, दोन हजार चारशे साठ रुपये. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिले, मार्चअखेर मिळाले. प्रूफ मीच वाचलं. तुमच्या घरी जुन्या फायली असतील तर आधी एक पान करून बघा आणि मग ठरवा, कन्व्हर्टर की नवं टायपिंग.

याच दरम्यान स्वतःचा पत्ता घेतला. खरं सांगायचं तर वाचक वाढायला स्वतःचं डोमेन लागतंच असं नाही, फुकटातला पत्ताही गूगलला चालतो. पण लोकांना सांगताना छोटा पत्ता तोंडात बसतो, आणि उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे जायचं झालं तरी पत्ता आपलाच राहतो. डॉट इन घेतलं, पहिल्या वर्षाचे ५४९ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, ६४८ रुपये. कंपनीने बिलात ईमेल आणि सुरक्षेच्या नावाखाली अजून दोन गोष्टी आधीच टिक करून ठेवल्या होत्या, त्या काढल्या नसत्या तर दोन हजारावर गेलं असतं. दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला, तोही आधीच बघून घ्या, बारीक अक्षरात असतो.

जोडणी करताना अडीच दिवस गेले. ब्लॉगर दोन सीनेम नोंदी देतो, एक सगळ्यांना सारखी आणि एक फक्त आपल्यासाठीची, म्हणजे आपला पत्ता कुठं न्यायचा ते सांगणाऱ्या ओळी, त्या डोमेन कंपनीच्या डीएनएस पानावर, म्हणजे पत्त्याच्या नोंदी ठेवतात तिथे, भरायच्या. दोन्ही भरल्या तरी साइट उघडेना. भाचा तोवर पुण्याला गेलेला, रोज रात्री फोनवर फोटो पाठवायचे. शेवटी सापडलं, कंपनीने स्वतःची जाहिरातवाली पाटी लावण्यासाठी तिथे आधीच एक ए नोंद (पत्ता कुठल्या मशिनवर उघडायचा ते सांगणारी) घालून ठेवली होती, ती काढली आणि गूगलच्या चार ए नोंदी भरल्या तसं दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात असताना साइट उघडली. एचटीटीपीएस, म्हणजे पत्त्याचं सुरक्षित रूप, चालू व्हायला अजून एक दिवस. जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्यावर जातो, पण सर्च कन्सोलमध्ये नवा पत्ता वेगळा नोंदवावा लागतो, तिथे पत्ता आपलाच आहे हे पटवायला एक टीएक्सटी नोंद देतात, ती परत डीएनएसमध्येच. पत्ता बदलल्यावर दोन-तीन आठवडे आकडे खालीवर होतात, घाबरून परत काही बदलू नका. मी बदलणार होते, भाच्याने थांबवलं.

लिंकचंही एक आहे. ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं की त्याला त्यातून लिंक बनवता येत नाही, मग तो ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा असं काहीतरी बनवतो. माझ्या सगळ्या लेखांच्या लिंका तशाच होत्या, आणि व्हॉट्सॅपवर पाठवल्या की बायका विचारायच्या हे व्हायरस तर नाही ना. प्रसिद्ध करायच्या आधी उजव्या बाजूला पर्मालिंक, म्हणजे लेखाची कायमची लिंक, आहे तिथे इंग्रजी अक्षरांत दोन-तीन साधे शब्द घालायचे. एकदा प्रसिद्ध झालं की ते कुलूपबंद होतं, परत ड्राफ्टमध्ये नेल्याशिवाय बदलत नाही. जुन्यांपैकी मी फक्त सहा बदलल्या आणि जुन्या लिंकवरून नव्यावर पाठवायची सोय सेटिंगमधल्या रीडायरेक्टमध्ये करून ठेवली.

एवढं सगळं होऊनही एप्रिलमध्ये गूगलवरून महिन्याला साठ-सत्तर माणसंच येत होती. बाबांचे लेख हळूहळू नोंदले जात होते, मी रोज दोन-चार पानांना रिक्वेस्ट इंडेक्सिंग, म्हणजे हे पान नोंदवा अशी सर्च कन्सोलमधून विनंती, द्यायचे (रोज काही ठराविकच देता येतात, आणि दिलं म्हणजे होतंच असं नाही), कधी चार दिवसांत व्हायचं कधी महिना.

मग एका रविवारी शेजारच्या मावशी आल्या. उन्हाळा, पंखा चालू, त्या सोफ्यावर बसून फोनवर काहीतरी बोलत होत्या, मला वाटलं कुणाशी तरी बोलतात. नंतर कळलं, गूगलशी. माइकचं बटण दाबून त्या म्हणत होत्या, "कडक भाकरी किती दिवस टिकते." सून अमेरिकेला निघाली होती, तिच्यासाठी. मी बघत राहिले. गूगलने त्यांना एक व्हिडिओ दाखवला, एक हिंदी पान, एक कुठल्यातरी दुकानाचं. माझा कडक भाकरीवरचा लेख, ज्यात किती दिवस टिकते, कशी सुकवायची, डब्यात कशी ठेवायची सगळं लिहिलं होतं, तो कुठंच नाही. मी म्हटलं मावशी मी लिहिलंय की हे. त्या म्हणाल्या, "अगं मग सांगायचं नाही का? काय नावानं लिहिलीस?"

नाव होतं, "पापुद्र्याआडचं सोलापूर".

मावशींनी ते दोनदा म्हणून बघितलं, आणि म्हणाल्या, "छान आहे की. पण मला कसं कळणार गं यात भाकरी आहे?"

मला जे समजायला दहा महिने लागले ते त्या एका वाक्यात होतं. मी वाचकाला शोधत होते, पण वाचक आधीच काहीतरी शोधत असतो, त्याच्या शब्दांत, आणि ते शब्द माझ्या लेखाच्या शीर्षकात नव्हतेच. त्या रात्री शीर्षक बदललं, "सोलापुरी कडक भाकरी कशी करतात आणि किती दिवस टिकते". पापुद्र्याचं वाक्य टाकून दिलं नाही, लेखाच्या शेवटी नेलं, मला ते आवडतं. पहिल्या परिच्छेदात आजीच्या आठवणी होत्या त्या खाली सरकवल्या आणि वर सरळ उत्तर लिहिलं. शिवाय सर्च डिस्क्रिप्शन, ते सेटिंगमध्ये आधी चालू करावं लागतं, मग प्रत्येक लेखाला दीडशे अक्षरांत लेखात काय आहे ते लिहिता येतं.

त्यानंतर मी सर्च कन्सोलमधला क्वेरीजचा तक्ता रोज रात्री बघायला लागले, ही माझी सगळ्यात आवडती जागा. लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत आले, किंवा आपण दिसलो पण ते आले नाहीत, दोन्ही कळतं. शेंगा चटणीचा लेख महिन्यात अठराशे वेळा दिसला होता आणि चौदा जण आत आले होते, सरासरी तेविसावा नंबर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. आणि निम्म्याहून जास्त लोक इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात हेही तिथेच दिसलं. म्हणून लेखात एकदा, साध्या वाक्यात, ते नाव इंग्रजी अक्षरांतही घालते. वीस वेळा नाही, वाचणाऱ्याला त्रास होतो. लोक विचारत होते चटणी तिखट कमी कशी करायची, खलबत्ता नसेल तर मिक्सरमध्ये जमेल का, तेल का सुटत नाही. मी ते तिन्ही स्वतः करून बघितलं, मिक्सरमध्ये सलग फिरवलं तर शेंगदाण्याचा लगदा होतो, थांबत थांबत द्यावं लागतं, ते सगळं लिहिलं. ऑगस्टपर्यंत तो लेख सातव्या-आठव्या नंबरवर आला.

बाबांच्या लेखांनाही तसंच केलं, फक्त त्यांच्या मजकुराला हात लावला नाही. शीर्षकाखाली दोन ओळी माझ्या, यात काय आहे ते सांगणाऱ्या, आणि त्रासन खातं, साचे खातं (मागांचं), बदली कामगार, भोंगा हे शब्द जिथे आले तिथे एका लेखातून दुसऱ्याला दुवा. एक लेख वाचून माणूस दुसऱ्यावर जायला लागला ते त्यानेच.

व्हॉट्सॅपचं थोडक्यात सांगते. आधी मी दिसेल त्या ग्रुपवर लिंक टाकायचे, कॉलनीच्या ग्रुपमधून ॲडमिनने मला काढलं, तेव्हा फार लागलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं, तो ग्रुप पाण्याच्या वेळांसाठी होता. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे मला फार उशिरा कळलं, दीडशे जणांना पाठवत होते आणि पन्नास जणांनाच जात होतं. जून २०२४ मध्ये चॅनेल काढलं, त्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, बायकांना ते बरं वाटतं. आठवड्यातून एकदाच टाकते, रविवारी सकाळी, नुसती लिंक नाही, लेखातल्या चार ओळी आणि मग लिंक. आज दोनशे बारा जण आहेत. कमी आहेत पण वाचणारे आहेत.

हंगामाचं मात्र सविस्तर लिहायला पाहिजे कारण याने सगळ्यात जास्त फरक पडला. हुरड्यावर मी पहिल्या वर्षी लिहिलं ते जानेवारी संपताना, शेतात जाऊन आल्यावर, गूळभेंडी ज्वारी, आगटी, शेंगाची चटणी, दही, सगळं ताजं ताजं. गूगलने ते नोंदवलं मार्चमध्ये. तोवर हुरडा संपलेला. गड्ड्याचंही तसंच, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, होम मैदान, सगळं यात्रा झाल्यावर लिहिलं. लोक शोधतात ते जायच्या आधी. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात दोन्ही लेख परत हातात घेतले, नवीन लेख केले नाहीत, त्याच लिंकवर भर घातली, गाड्या कुठं लावायच्या, लहान मुलांना घेऊन कधी जावं, बाहेरगावच्यांनी स्टेशनवरून कसं यायचं. डिसेंबर आणि जानेवारी मिळून त्या दोन लेखांवर एकतीसशे माणसं आली. माझ्यासाठी हा आकडा फार मोठा आहे. आणि त्यातली काही, दुवे धरून, मिलच्या लेखांवर गेली.

२२ जानेवारी २०२५ ला मेल आला. भिवंडीहून, एक गृहस्थ. आजोबा सोलापूरला मिलमध्ये होते, घरात कुणाला फार काही माहीत नाही, एक पितळी बिल्ला तेवढा उरलाय. त्यांनी गूगलवर "सोलापूर मिल त्रासन खाते" असं टाइप केलं होतं. बाबांचा "बिल्ला" नावाचा लेख आहे, हजेरीला बिल्ला कसा टाकायचे, हरवला तर काय व्हायचं, एकाने आजारी दोस्ताचा बिल्ला टाकून त्याचा दिवस कसा वाचवला. त्यांनी लिहिलं होतं, मी हा लेख मुलाला मोठ्याने वाचून दाखवला, आणि खाली बिल्ल्याचा फोटो, तळहातावर ठेवून काढलेला, कडा झिजलेल्या, मधे भोक, नंबर अजून वाचता येतो.

मी तो मेल आईला वाचून दाखवला. तिने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, यांचा पण असाच होता, भोक जरा वर होतं.

त्यांची परवानगी घेऊन फोटो लेखात लावला, या वेळी फायलीला नीट नाव दिलं, खाली वर्णन लिहिलं, आईचं वाक्यही घातलं, आणि परत रिक्वेस्ट इंडेक्सिंग दिलं. अकरा दिवस लागले.